विमानाच्या शाळेचा प्रश्न

४ मार्च, बुधवार. संध्याकाळी

निर्णय झाला. एअरलाइन पायलट व्हायचं.

तारीख मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे मुलाखतीत कोणी विचारलं, हे तुमच्या मनात नेमकं कधी आलं, तर उत्तर तयार हवं. आज दुपारी आलं. आमच्या लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात जेवणाची सुट्टी चालू होती आणि मी एकटाच फोनवर होतो. एक गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले होते, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. रडकुंडीला आले होते. मेकॅनिक पोचेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिलो. लिफ्टची केबल सहसा तुटत नाही, तुटली तरी दुसरी असते, दुसरी तुटली तरी ब्रेक असतो. ब्रेकच्या पुढचं सांगितलं नाही. सुटल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला. म्हणाले, तुमचा आवाज अगदी पायलटसारखा आहे हो, ऐकलं की वाटतं सगळं ठीक होणार.

अकरा वर्षं त्या खुर्चीत बसतोय. इतकी महत्त्वाची माहिती मला आजवर कोणी दिली नव्हती.

वय अडतीस. इंटरनेटवर बघितलं, लायसनला वयाची वरची मर्यादा नाही. म्हणजे प्रश्नच मिटला.

बायकोला एवढ्यात सांगायचं नाही. ती दुसऱ्या शहरात मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून गेली, त्याला वर्ष होत आलं. मी मागोमाग जाणारच होतो. कामाच्या रगाड्यात राहून गेलं. आता एकदम युनिफॉर्ममध्येच दारात उभा राहीन.

निश्चय: पहाटे पाचला उठणे. गोड बंद. इंग्रजी बातम्या मोठ्यानं वाचणे.

५ मार्च. सकाळी

पाचला उठलो होतो. गजर बंद करायला.

५ मार्च. संध्याकाळी

अभ्यास जोरात. पायलट होण्याचे रस्ते तीन.

पहिला, एअरलाइनच स्वतः उमेदवार निवडते आणि शिकवते. वयाची अट बत्तीस. त्यांचं नुकसान.

दुसरा, इंटिग्रेटेड. नोकरी सोडायची, शाळेच्या हॉस्टेलवर राहायचं, थिअरी, उड्डाणाचे तास, परीक्षा, सगळं सलग दीड-दोन वर्षांत.

तिसरा, मॉड्युलर. म्हणजे नोकरी सांभाळून तुकड्यातुकड्यानं. आधी खाजगी लायसन, मग तास जमवायचे, मग कमर्शियल, मग पुढचं. रविवारचे रविवार धरले तर मी पंचेचाळिशीपर्यंत तयार होतो. अनुभवी चेहरा प्रवाशांना आवडतो.

तीन शाळांच्या वेबसाइटवर नाव, वय, फोन नंबर टाकला. लॅपटॉप मिटायच्या आत फोन वाजला. पहिल्या शाळेचा काउन्सेलर. म्हणाला, नमस्कार कॅप्टन!

मी मागे वळून बघितलं. घरात मीच होतो.

अत्यंत सज्जन माणूस. अर्धा तास बोलला. मी काय करतो, घरी कोण असतं, आवड कधीपासून. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. फी सांगितली तेव्हा मी पाणी प्यायलो. तो थांबला. प्या कॅप्टन, सावकाश प्या, म्हणाला. फोन कधी करू विचारलं. मी म्हटलं, केव्हाही. मग वाटलं हे फारच रिकामटेकडं दिसतं, म्हणून सात ते नऊ सोडून म्हटलं. मग लक्षात आलं, सात ते नऊच तर मी घरी असतो. तेही खुलं केलं.

८ मार्च, रविवार

बायकोचा फोन. रविवारी येतो.

तिच्याकडे बातमी. आमच्या कंपनीची तिकडेही शाखा आहे. त्या शाखेच्या मॅनेजरचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि त्याचा गुडघा हिच्या हातात आहे. व्यायाम करता करता हिनं विषय काढला. त्यांच्या तक्रार विभागात एक जागा रिकामी आहे, तो महिनाअखेरपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवायला तयार आहे. फक्त बदलीचा अर्ज टाकायचा. ती एका दमात बोलली. तिनं दोन खोल्यांचं घर घेतलं तेच मुळी मी येणार म्हणून, हेही बोलली.

मी म्हटलं, जरा थांब. इकडे एक मोठी गोष्ट चालू आहे.

कसली?

वेळ आली की सांगतो.

तिनं विचारलं, बाथरूमचा नळ अजून गळतोय का? मी म्हटलं, गळतोय. मग म्हणाली, तीन दिवस संध्याकाळी तुझा फोन लागत नाही.

खरं आहे. काउन्सेलर रोज करतो.

११ मार्च

शाळा निवडणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. फ्रिजवर तक्ता लावला. तीन शाळा, तीन रकाने.

शाळा एक: काउन्सेलरची. बसनं दोन तास. हवामान बरं. स्वतःची धावपट्टी. हॉस्टेलवर दोघांत एक खोली, मेसमध्ये लांब टेबलं. जेवताना समोर कोणीतरी असतं, असं फोटोत दिसतं.

शाळा दोन: परदेशात. वर्षभर आभाळ निरभ्र, त्यामुळे तास लवकर भरतात. पण यांचा माणूस फक्त ईमेल पाठवतो. शेवटी लिहितो, या ईमेलला उत्तर देऊ नये. अशानं नाती टिकत नाहीत.

शाळा तीन: डोंगरात. स्वस्त. विमानं दोन, पैकी एकाला इंजिन नाही. विद्यार्थ्यांना आतून नीट बघता यावं म्हणून काढलंय, असं त्यांचं म्हणणं. दुपारी फोन केला तर वॉचमननं उचलला. साहेब जेवताहेत म्हणाला. चारला केला तरी जेवतच होते.

काउन्सेलरचं मत: तुमच्या पर्सनॅलिटीला इंटिग्रेटेडच शोभेल, कॅप्टन. मी म्हटलं, घाईनं ठरवणार नाही, सगळ्या बाजूंनी विचार करतो. तो म्हणाला, जरूर करा, मी उद्या पुन्हा फोन करतो. त्यामुळे ठरवायची खरोखरच घाई नाही.

१३ मार्च

काळी ट्रॉली बॅग घेतली. पायलट लोक ओढतात तसली, छोटी, उभी. गॉगलही घेतला. बॅग आजपासून ऑफिसला नेतो, हाताला सवय हवी. आत जेवणाचा डबा. दुसरं काही नसल्यामुळे डबा आत इकडून तिकडे गडगडतो आणि रस्त्यावर लोक वळून बघतात.

शेजारच्या काकूंनी विचारलं, बायकोकडे निघालात का? मी म्हटलं, सध्या नाही. त्या म्हणाल्या, बरं. पण ते बरं फार लांबवलं.

१६ मार्च, सोमवार

ऑफिसात असूया वाढत चालली आहे.

कॉकपिटमधून करायच्या अनाउन्समेंटची प्रॅक्टिस मी कामावरच करतो. वेगळा वेळ कुठून आणणार? आज एका बाईंना सांगितलं, नमस्कार, मी आपल्याशी तक्रार विभागातून बोलतोय, आपण सध्या सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या दरम्यान आहोत, बाहेर हवा स्वच्छ आहे, मेकॅनिक पुढच्या वीस मिनिटांत आपल्यापर्यंत पोचणं अपेक्षित आहे, तोवर कृपया शांत बसून राहावं. बाईंनी वरच्या साहेबांकडे लेखी तक्रार केली. एक मूर्ख माणूस मला हवा कशी आहे ते सांगत होता, असं लिहिलंय.

साहेबांनी आत बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. म्हणाले, तुमचं घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, उत्तम. म्हणाले, मग फक्त पत्ता विचारत जा आणि मेकॅनिक पाठवत जा.

संध्याकाळी काउन्सेलरला हे सांगितलं. त्याला मनापासून वाईट वाटलं. म्हणाला, असल्या वातावरणात तुम्ही फार दिवस राहू नका, कॅप्टन.

१९ मार्च

हवामानशास्त्राचं जाडजूड पुस्तक आणलं, सेकंडहँड. आधीच्या मालकानं पहिल्या तीन पानांवर पेन्सिलीनं खुणा केल्यात. तिसऱ्या पानापर्यंत मीही आलोय.

दुपारी सुट्टी टाकून गच्चीवरून ढगांचं निरीक्षण. एक मोठा, खाली काळपट, वर कोबीसारखा. पुस्तकात पाहून ठरवलं, निरुपद्रवी. निर्धास्त झोपलो. उठलो तर गच्चीवरचे कपडे पुन्हा धुवून निघाले होते. पुस्तकाची आवृत्ती जुनी आहे.

बायकोचा मेसेज: अर्ज टाकलास का? मी उत्तर दिलं: विचाराधीन.

तिनं अंगठा पाठवला. कोणत्या अर्थानं ते कळलं नाही.

२१ मार्च, शनिवार

मेडिकल. ही झाल्याशिवाय कुठलीच शाळा पुढे सरकत नाही. डॉक्टर ठरलेलेच असतात, विमानवाल्यांना तपासायची मुभा असलेले.

डोळे: चष्मा चालतो. कान: उत्तम. रंग: सगळे दिसले. रक्तदाब: इतका वर, की डॉक्टरांनी मशीन बदलून पाहिलं. मशीनचा दोष नव्हता.

मग त्यांनी मशीन बाजूला ठेवलं आणि नाडी बघायला नुसतं माझं मनगट धरलं. इकडचं तिकडचं विचारत राहिले. झोप लागते का? लागते. जेवता काय? जे असेल ते. घरी कोण? मी म्हटलं, सध्या मीच. मनगट धरलेलंच होतं. त्यांनी बहुधा मिनिटभरच धरलं असेल. बोटं उबदार होती. नंतर पुन्हा मोजलं तर प्रेशर नॉर्मल.

म्हणाले, चमत्कारिक आहे, महिन्यानं परत या.

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येऊ का? म्हणाले, नको, महिन्यानं.

२२ मार्च, रविवार

बायकोचा फोन चुकला. त्याच वेळी काउन्सेलरशी अत्यंत महत्त्वाचं बोलणं चालू होतं. युनिफॉर्मच्या पट्ट्या सोनेरी की रुपेरी. ठेवल्यावर लगेच तिला लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग मेसेज आला: ड्यूटीवर आहे. अर्जाचं बघ. महिनाअखेर मंगळवारी आहे.

मंगळवार म्हणजे पुढच्या आठवड्यातला. भरपूर वेळ आहे. शिवाय महिनाअखेर म्हणजे पाच-सहा तारखेपर्यंत धरायला कोणाची हरकत नसते.

येत्या रविवारी शाळा क्रमांक एकमध्ये ट्रायल फ्लाइट बुक केली. इन्स्ट्रक्टरबरोबर अर्धा तास वर. त्यानंतर प्रवेशाचं ठरवायचं. काउन्सेलर म्हणाला, एकदा वर जाऊन आलात की प्रश्न उरणार नाहीत.

२९ मार्च, रविवार. संध्याकाळी

आज उडालो.

सविस्तर लिहिणं कर्तव्य आहे. शाळा म्हणजे एक लांब धावपट्टी, विमानं ठेवायचं पत्र्याचं हँगर आणि बाजूला कॅन्टीन. कॅन्टीनच्या भिंतीवर एक स्पीकर. वर उडणाऱ्या विमानांचं रेडिओवरचं बोलणं त्यावर सगळ्यांना ऐकू येतं. सकाळी हा स्पीकर मला फार आवडला होता.

काउन्सेलर दारातच भेटला. फोनवर तरुण वाटतो, प्रत्यक्षात माझ्याहून मोठा, टक्कल पडलेला. तो सगळ्यांनाच कॅप्टन म्हणतो. एका मुलीला प्रवेश घ्यायचा होता, तिच्या वडिलांच्या हातात छत्री होती, त्यांनाही म्हणाला. मी मनाला लावून घेतलं नाही. धंद्याची सवय असते.

चीफ इन्स्ट्रक्टर मॅडम पन्नाशीच्या, बारीक केस, मोजकं बोलणं. त्यांनी विचारलं, याआधी विमानात बसलात का? मी म्हटलं, प्रवासी म्हणून नाही. त्या म्हणाल्या, मग कसे? मी म्हटलं, तसाही नाही.

विमान दोघांपुरतंच, दार गाडीच्या दारापेक्षा हलकं. हेडसेट कानाला लावला की बाहेरचं जग बंद होतं आणि एकच माणूस थेट कानात बोलतो. हे फारच छान आहे. यासाठी तरी लोकांनी विमान शिकावं.

वर गेल्यावर मॅडमनी स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, हातात दिली. हलक्या हातानं धरा, म्हणाल्या. मी नीट धरली. घाबरलेल्या माणसाशी बोलत राहायचं, तोडायचं नाही, हा आमच्या विभागाचा नियम. विमानात आम्ही दोघंच. मॅडम घाबरलेल्या नव्हत्या. तेव्हा मी बोलू लागलो.

बराच बोललो.

मध्येच मॅडमनी माझा हात धरला आणि माझी बोटं एकेक करून स्टिकवरून सोडवली. त्या स्टिकवर एक बटण असतं. ते दाबून बोललं की आवाज रेडिओवर जातो. आणि जोवर एक जण दाबून धरतो तोवर बाकी कोणालाच बोलता येत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, तेव्हा मी बोलत असणार.

रेडिओवर माझा आवाज अतिशय स्पष्ट येत होता, असं खाली सर्वांनी एकमुखानं सांगितलं.

३० मार्च, सोमवार. दुपारी

ऑफिसला गेलो नाही. ताप असावा. थर्मामीटर बायकोनं नेलाय.

कालचं थोडं राहिलं होतं लिहायचं.

उतरून कॅन्टीनमध्ये गेलो. एकानं उठून मला खुर्ची दिली. छत्रीवाल्या वडिलांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, होईल हो सगळं नीट. मुलगी चहाच्या कपात बघत होती. काउन्सेलर पुढे आला आणि मला सर म्हणाला.

मॅडम मला हँगरच्या सावलीत घेऊन गेल्या. म्हणाल्या, वर आणखी दोन विमानं होती, त्यांना उतरायचं होतं, तुमच्यामुळे ती घिरट्या घालत राहिली. हे गंभीर आहे. मी तुमच्यावर ओरडायला हवं. पण ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही एकदाही खाली बघितलं नाहीत. पुढेही नाही. सगळा वेळ माझ्याकडे बघून बोलत होतात.

मी विचारलं, इंटिग्रेटेड घेऊ की मॉड्युलर?

त्या म्हणाल्या, तुमची बायको बोलावतेय ना? मी म्हटलं, हे तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, मलाच काय, कॅन्टीनलाही कळलंय.

मी म्हणे असं बोललो, की घरी आल्यावर टीव्ही लावून ठेवतो, बघत नाही, कोणीतरी बोलत असावं म्हणून. की नळ दुरुस्त करायचा राहिलेला नाही, मीच करत नाही, कारण बायको दर रविवारी त्याचं विचारते. नळ थांबला तर ती काय विचारेल? की तिकडे गेलो आणि दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं की माझ्यावाचून तिचं काही अडत नव्हतं, तर मग? इथे निदान ती मला बोलावते तरी आहे.

हे मी बोललो असेन असं वाटत नाही. इंजिनाच्या आवाजात शब्द बदलतात.

मॅडम शेवटी म्हणाल्या, हे सगळं तिला सांगा ना. मला सांगून काय उपयोग? आणि विमानाकडे निघून गेल्या. पुढचा विद्यार्थी थांबला होता.

एकूण शाळेविषयी मत: शिस्त बरी. खाजगीपणा कमी.

१ एप्रिल

तीन दिवस झाले, काउन्सेलरचा फोन नाही. वर्षअखेरीची कामं असतील.

अर्ज लिहिला. बदलीचा. सहज, एक पर्याय म्हणून. फक्त टाकायचं बाकी आहे. साहेब आज लवकर गेले.

३ एप्रिल, शुक्रवार

आज मीच फोन केला. शाळेतल्या एका बाईंनी उचलला. म्हणाल्या, ते इथून सोडून गेले, आणि तुमच्या नावापुढे आमच्याकडे 'संपर्क करू नये' असं लिहिलेलं दिसतंय. मी म्हटलं, कोणी लिहिलं? त्या म्हणाल्या, चीफ इन्स्ट्रक्टर मॅडमनी. मी म्हटलं, बरं. त्या म्हणाल्या, मी तरी बोलतेय तुमच्याशी, हेही खरं तर नियमात बसत नाही.

काउन्सेलरचा स्वतःचा नंबर होताच. पहिल्या रिंगला उचलला. खूप बरं वाटलं. म्हणाला, नमस्कार शेफ!

आता तो हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थेत आहे. माझा आवाज ओळखला नाही. मी सांगितल्यावर म्हणाला, हो हो, आठवलं, आणि लगेच विचारलं, स्वयंपाकाची आवड कधीपासून? डिप्लोमा पूर्णवेळ करता येतो किंवा तुकड्यातुकड्यानंही. तुमच्या पर्सनॅलिटीला पूर्णवेळच शोभेल.

पंधरा मिनिटं बोललो. ठेवताना म्हणाला, उद्या फोन करू का शेफ? मी नको म्हटलं. माझ्या तोंडून हे कसं निघालं कळत नाही.

५ एप्रिल, रविवार

दिवसभर घरी. फोन चार्जिंगला लावून जवळ ठेवला.

बायकोचा फोन नाही.

संध्याकाळी प्लंबर बोलावला. पाच मिनिटांत नळ थांबला. एक वॉशर होता. आता बाथरूममध्ये काहीच ऐकू येत नाही.

७ एप्रिल

अर्ज टाकला. साहेबांनी सही करताना वर बघितलं आणि म्हणाले, फार चांगलं केलंत. पहिल्यांदाच बसा म्हणाले.

शनिवारी जातो. कळवलेलं नाही. ती दार उघडेल आणि बघतच राहील. विमानानं जायचा विचार होता, पण हातात तिकीट घेऊन मागच्या रांगेत बसणं या घडीला मनाला पटलं नाही. बसनं जातो.

ट्रॉली बॅगेत या खेपेला कपडे भरले. आवाज येत नाही.

१२ एप्रिल, रविवार

काल जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

तिच्या घराच्या पत्त्यावर गेलो तर दार एका अनोळखी बाईनं उघडलं. कडेवर मूल. म्हणाली, आम्ही आठ तारखेला राहायला आलो, आधीच्या मॅडम हॉस्पिटलच्या क्वार्टर्सवर गेल्या. मग हॉस्पिटलला गेलो.

फिजिओथेरपीचा विभाग तळमजल्याला आहे. मोठी खोली, भिंतीला शिड्या, छताला दोर आणि कप्प्या, मोठाले रबरी चेंडू. ती एका म्हाताऱ्या गृहस्थांना दोन दांड्यांच्या मधून चालवत होती. उलटी, त्यांच्याकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत. छान, छान, आता डावा, म्हणत होती. मला बघितलं. पाऊल चुकलं नाही. म्हणाली, बस तिकडे, अजून तीन पेशंट आहेत.

बसलो. बाजूच्या पलंगावर एक जाडगेले गृहस्थ पाय वर उचलून खाली ठेवत होते, मोजत. मध्येच थांबून म्हणाले, तुम्ही मॅडमचे मिस्टर का? लिफ्टवाले? मी ओळखलं. शाखेचे मॅनेजर. त्यांनी हात पुढे केला. म्हणाले, महिनाभर खुर्ची रिकामी ठेवली होती हो तुमच्यासाठी. एकतीसला संध्याकाळी मॅडमना फोन करून विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, भरून टाका. मग पुन्हा पाय वर केला आणि मोजायचं कुठे सोडलं होतं ते मला विचारलं. मी लक्ष दिलं नव्हतं. ते एकपासून सुरू झाले.

कॅन्टीनमध्ये दोघं बसलो. तिनं केस कापलेत, मानेपर्यंत. छान दिसतात. मी विचारलं, कधी कापलेस? म्हणाली, जानेवारीत.

मी म्हटलं, अर्ज टाकलाय. ती म्हणाली, कळलं, त्यांनी सांगितलं. जागा पुन्हा कधी निघेल माहीत नाही. मग कप बाजूला सारून म्हणाली, ती मोठी गोष्ट काय होती ते तरी सांग.

सांगितलं. सगळंच. शाळा, रस्ते, गॉगल, काउन्सेलर, बटण.

ती ऐकत राहिली. मग हसायला लागली. खूप हसली, बाजूच्या टेबलावरचे बघायला लागले. हसता हसता डोळे पुसले, आणि हसणं थांबल्यावरही पुसतच राहिली. म्हणाली, मला वाटलं कोणी बाई असेल. रोज संध्याकाळी फोन एंगेज. मी मनाची तयारी करून बसले होते. बाई असती तर येऊन भांडले तरी असते रे. विमानाशी काय भांडू?

मी म्हटलं, आता ते संपलंय. मी येतो इकडे. नोकरी नसली तरी येतो.

तिनं टेबलावरचं पाणी बोटानं पुसलं. म्हणाली, घर मी सोडलं. दोघांसाठी म्हणून घेतलं होतं. आता एका नर्सबरोबर खोलीत आहे, दोन पलंग आहेत, बरं चाललंय. वर्षभर मी तुझी वाट बघितली आणि वाट बघायची सवय सुटायला मला आठच दिवस लागले. मलाच आश्चर्य वाटलं.

मी ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही.

तिची सुट्टी संपली. उठली. म्हणाली, जागा निघाली तर त्यांना मला सांगायला सांगते. आणि पुढच्या वेळी यायचं असेल तर आधी कळव. मी हो म्हटलं. मग जाता जाता थांबली, माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून ते खाली दाबले, पेशंटचे दाबतात तसे. म्हणाली, इतके वर घेऊन बसू नकोस. मान धरेल.

परतीची बस चारची. खिडकी मिळाली नाही. शेजारी एक गृहस्थ बसले, ते गाव सुटायच्या आत झोपले आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. खांदा खाली घेतला. उठवलं नाही.